दहा जिंकल्या ना!

२०२४ सालचा पहिला दिवस म्हणून बायकोने शिरा केला होता. मी दुपारी बाराच्या आधीच काळा-पिवळा शर्ट चढवून टीव्हीपुढे ठाण मांडलं. शिरा वाटीत तसाच गार झाला, वर तूप थिजलं. अमेरिकन कॉलेज फुटबॉल: टेनेसी ३५, आमची आयोवा युनिव्हर्सिटी शून्य. ऑर्लँडोला, सिट्रस बोलमध्ये, अख्ख्या देशासमोर. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, पहिल्या वर्षाचं पोरगं, कॉलेजात पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरलेलं. त्याने स्वतः पळत तीन टचडाउन केले, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला, चौथा पास देऊन करवला. आणि आमच्याने? एक पास असा नेमका फेकला की त्यांच्या डिफेन्सच्या गड्याने तो झेलला आणि बावन्न यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. म्हणजे आमच्या ऑफेन्सने पॉइंट केले नाहीत असं कोण म्हणतं? केले की. त्यांच्यासाठी केले.

याच्या आधीची मॅच २ डिसेंबरची, आमच्या बिग टेन लीगची फायनल. मिशिगन २६, आम्ही शून्य. त्याच्याही आधी २४ नोव्हेंबरला नेब्रास्काशी घड्याळ संपता संपता किक बसली आणि १३-१० ने सुटलो. त्या किकचे तीन पॉइंट, तेच सीझनचे शेवटचे. तुळशीच्या लग्नापासून आजपर्यंत आयोवाच्या नावावर एकही पॉइंट नाही. दोन अख्ख्या मॅचा, भोपळ्याशेजारी भोपळा.

पण माझं डोकं फिरलं ते स्कोअरने नाही. फिरलं ते संध्याकाळी इथल्या मराठी ग्रुपवर आलेल्या एका मेसेजने. "अरे पण दहा जिंकल्या ना! रडतोस कशाला?" वर हसणारा चेहरा.

हेच. हेच वाक्य मी गेली दोन वर्षं ऐकतोय. ऑफिसात ऐकतो, पेट्रोल पंपावर ऐकतो, सलूनमध्ये मान खाली घालून बसलो असताना ऐकतो. जिंकलो ना. तक्रार केली की तोंडावर हे वाक्य फेकायचं आणि विषय संपवायचा. दहा जिंकल्या, चार हरल्या, मान्य. आता हिशेब बघा. चौदा मॅचमध्ये आम्ही केले २१६ पॉइंट आणि खाल्ले २०७. या नऊ पॉइंटांच्या फरकावर दहा विजय उभे आहेत. ते कोणी उभे केले? डिफेन्सचा कोच फिल पार्कर, त्याच्या पोरांनी. रट्गर्सला शून्यावर ठेवलं, विस्कॉन्सिनला सहावर, नॉर्थवेस्टर्नला सातवर. पोरं जीव काढून अडवतात, बॉल आणून हातात देतात, आणि आमचा ऑफेन्स तीन खेळ्यांत परत येऊन बाकावर बसतो. डिफेन्सच्या पोरांनी पाण्याची बाटली तोंडाला लावेपर्यंत यांचं झालेलं असतं. कोणी राबायचं आणि कोणी फोटोत मिरवायचं!

गावाकडच्या मित्रांसाठी दोन ओळींत सांगतो. चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की परत चार मिळतात. तिनात नाही जमलं तर चौथ्याला बॉल लाथ मारून लांब उडवायचा, म्हणजे समोरच्यांना निदान लांबून सुरुवात करावी लागते. याला पंट म्हणतात. सभ्य भाषेत 'आमच्याने होत नाही, आता तुम्ही या'. बाकी गावांत पंटच्या वेळी लोक बिअर आणायला जातात. आमच्या किनिक स्टेडियममध्ये उभे राहून टाळ्या वाजवतात. 'पंटिंग इज विनिंग' छापलेले टी-शर्ट निघाले, लोकांनी ते हौसेने घातले. एक माझ्याकडेही आहे. आता विचारू नका.

आमचा पंटर टॉरी टेलर, ऑस्ट्रेलियाचा पोरगा, खरंच कलाकार माणूस. बॉल असा ठेवतो की समोरच्याला स्वतःच्या दारातच उभं राहावं लागतं. २०२३ च्या सीझनला त्याने ९३ पंट मारले, ४,४७९ यार्ड. एका सीझनमधल्या पंटच्या यार्डांचा, १९३८ सालापासून उभा असलेला विक्रम मोडला, देशातल्या सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कारही त्यालाच. त्याचं कौतुक आहेच. पण जरा शेजारचा आकडा बघा. आमच्या सगळ्या ऑफेन्सने, पळून आणि पास देऊन, मॅचला सरासरी २३४.६ यार्ड काढले. देशात १३३ संघ, त्यात आमचा नंबर १३३. चौदा मॅचचे मिळून तीन हजार तीनशेच्या आतच. म्हणजे अकरा जणांनी मिळून बॉल जेवढा पुढे नेला, त्यापेक्षा हजारभर यार्ड जास्त एकट्या टेलरच्या पायाने नेला. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला माझा मित्र, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाच्या फुटबॉल मॅचा बघत वाढलेला, परवा फोनवर विचारत होता, "तिकडं फुटबॉल हातानं खेळत्यात नव्हं?" म्हटलं, बाकीचे हातानं खेळतात रे. आमचं पायावरच चाललंय.

आता घराणेशाहीचं. हेड कोच कर्क फेरेंट्झ, १९९९ पासून. ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सच्या खेळ्या ठरवणारा कोच, ब्रायन फेरेंट्झ, २०१७ ते २०२३. आडनाव वाचलंत ना? मुलगा. युनिव्हर्सिटीच्या नियमाने बाप मुलाचा साहेब होऊ शकत नाही. मग तोड काय काढली, तर मुलाने कागदोपत्री अॅथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे खेळ विभागाच्या प्रमुखाच्या, हाताखाली काम करायचं. मी साखर कारखान्याच्या पट्ट्यातला माणूस आहे, मला हे नव्याने कोणी समजावून सांगायला नको. २०२२ ला १३१ संघांत १३० वे आलो, लोक चिडले, तेव्हा मुलाच्या करारात बदल केला. पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि अट अशी की संघाने मॅचला सरासरी २५ पॉइंट करायचे आणि सात मॅच जिंकायच्या. पंचवीस! इतर मोठे संघ हाफटाइमला तेवढे करून चहा पितात. आणि गंमत पुढेच आहे. त्या पंचविसात डिफेन्सने केलेले पॉइंटही धरायचे, पंट परत पळवून आणून केलेलेही धरायचे. शेजाऱ्याच्या पोराने पेपर लिहायचा आणि मार्क आमच्या बाळाला! एवढी कॉपी करूनही सरासरी आली १५.४. ऑक्टोबरच्या ३० तारखेला शेवटी जाहीर झालं की सीझननंतर ब्रायन नसेल. सीझननंतर! म्हणजे तोवर तेच ताट, तीच आमटी.

दुखापती झाल्या, हे मी नाकारत नाही. मिशिगनहून आणलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबर संपता संपता गुडघा धरून गेला. पास झेलणारे टाइट एंड, त्यातला ल्यूक लाची गेला, मग एरिक ऑल गेला. बदली क्वार्टरबॅक डीकन हिलच्या डोक्यावर सगळं आलं, त्या पोराला शिव्या घालण्यात मला रस नाही. पण पेन स्टेटला ३१-० खाल्ले, अख्ख्या मॅचमध्ये ७६ यार्ड आणि चार फर्स्ट डाउन (म्हणजे दहा यार्ड पुरे करून नव्या संधी मिळवल्या चारदाच), तेव्हा क्वार्टरबॅक मॅकनमाराच होता. आणि २०२२ ला साउथ डकोटा स्टेटला ७-३ ने हरवलं ते कुठल्या दुखापतीमुळे? ते सात कसे झाले ऐका. एक फील्ड गोल, म्हणजे लाथ मारून खांबांमधून घातलेला बॉल, तीन पॉइंट. आणि दोन सेफ्टी, म्हणजे बॉलवाल्याला त्याच्याच शेवटच्या रेषेमागे पाडणं, दोन-दोन पॉइंट, ते डिफेन्सचे. टचडाउन न करता सात! तेव्हाही ग्रुपवर काय आलं असेल? जिंकलो ना.

मिनेसोटाची मॅच मात्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही, कारण तिथे मी तिकीट काढून बसलो होतो. २१ ऑक्टोबर. शेजारी एक सत्तरीचे शेतकरी आजोबा, हातात थर्मास, मांडीवर घोंगडी. पहिला क्वार्टर संपला, सगळं स्टेडियम वळून पलीकडच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे हात हलवू लागलं. ही किनिकची रीत. त्या एका मिनिटात मी दरवेळी सगळं माफ करून टाकतो, आणि पुढचे दोन तास पस्तावतो. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या ऑफेन्सने किती यार्ड काढले असतील? बारा. अर्ध्या तासाच्या खेळात बारा यार्ड! आमच्या अपार्टमेंटचा पार्किंग लॉट यापेक्षा लांब आहे. समोरच्यांनी चार फील्ड गोल मारून बाराच पॉइंट केलेले, तरी आम्ही मागे, १०-१२. मग दीडेक मिनिट उरलं असताना आमच्या कूपर डीजीनने त्यांचा पंट उचलला आणि कडेकडेने चोपन्न यार्ड पळत टचडाउन केला. मी आजोबांना मिठी मारली. त्यांची कॉफी माझ्या जॅकेटवर सांडली. आणि मग रेफरींनी रिप्लेत शोधून काढलं की पंट उचलायच्या आधी त्याने डावा हात हलवला होता, तो चुकीचा फेअर कॅच सिग्नल ('मी बॉल घेऊन पळणार नाही' ही खूण), टचडाउन रद्द. मिनेसोटा १९९९ नंतर पहिल्यांदा आयोवा सिटीत जिंकली आणि या मॅचची ट्रॉफी, फ्लॉइड नावाचं ब्राँझचं डुक्कर, उचलून घेऊन गेली.

पुढे आठवडाभर गावात एकच चर्चा, तो डावा हात. सिग्नल होता का नव्हता, कोणता नियम, कोणतं कलम. बारा यार्डांवर कोणी बोलेना! अरे, नाचता येईना तर निदान अंगणाची चौकशी समिती तरी नेमू नका.

आणि त्याच मैदानावर त्याच्या आधीच्या रविवारी काय झालं होतं? मुलींची बास्केटबॉलची मॅच, उघड्यावर, त्या वाऱ्यात. केटलिन क्लार्क आणि तिच्या पोरींना बघायला ५५,६४६ माणसं आली. त्यांनी डीपॉलला ९४ पॉइंट घातले. खेळ वेगळा, पॉइंटांचं गणित वेगळं, मला कळतं, मला शिकवू नका. पण हल्ला करायचा असतो, बॉल पुढे न्यायचा असतो, समोरच्याला घाम फोडायचा असतो, हे त्याच गावातल्या त्याच युनिव्हर्सिटीला माहीत आहे एवढंच म्हणतोय.

बायको म्हणते, बघतोस कशाला मग? बरोबर आहे. सोळा वर्षं या राज्यात काढल्यावर इथे मका, बर्फ आणि हा संघ सोडून दुसरं काय बघायचं ते तिने सांगावं. पुढच्या वर्षीच्या तिकिटांचा मेल येईल, मी शिव्या घालेन आणि कार्ड नंबर टाकेन.

हे लिहीत होतो तोवर धाकटा हॉलमध्ये त्याचा मऊ बॉल घेऊन एकटाच खेळत होता. सोफ्यावरच्या उशीला नेम धरून फेकला, चुकला. परत फेकला, चुकला. तिसऱ्यांदा पडद्यात अडकला. मला वाटलं आता उशी जवळ घेईल, निदान दोन पावलं पुढे तरी सरकेल. तो मागे गेला, "फोर्थ डाउन!" म्हणून ओरडला आणि अशी लाथ घातली की बॉल टीपॉयवरची शिऱ्याची वाटी उडवून थेट किचनच्या दारात.

त्याची आई आतून धावत आली. तो दोन्ही हात वर करून उभा.

मी रागावणार होतो. पण खरं सांगू, बॉल मस्त गेला होता.