एक ओढणी, दोन निकोसिया

"एक फुल पँट टाका बॅगेत," ही निघताना तीनदा म्हणाली होती. पण सायप्रस म्हणजे बेट, बेट म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे बर्मुडा, हे माझं गणित. लार्नाकाच्या किनाऱ्यावर ते सुटलंही. चौथ्या दिवशी निकोसियाला गेलो आणि कळलं, राजधानीला समुद्रच नाही.

दक्षिण भागातल्या चर्चच्या दारात एक आजोबा बसले होते. मी गुडघ्यांकडे बोट दाखवून विचारलं, "चालेल?" त्यांनी हनुवटी वर उडवली. आपल्याकडे याचा अर्थ 'काय म्हणताय?' म्हणून मी तेच मोठ्यानं विचारलं. त्यांनी हनुवटी आणखी उंच उडवली, वर "च्क!" तिथं मान वर म्हणजे 'नाही' हे उमगेस्तोवर माझं चारदा विचारून झालं होतं. शेवटी हिनं आपली पोपटी बांधणीची ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली. आतले भिंतीवरचे संत माझ्याकडेच बघत होते, असं तिचं म्हणणं.

मग कॉफी. मी ऐटीत 'टर्किश' मागितली. मालक शांतपणे म्हणाला, "ग्रीक." 1974 पासून बेट ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर असं दुभंगलेलं, त्या जखमेत मी चमचा घातला होता. ओशाळून, आणखी काही नको म्हणून हाताचा पंजा दाखवला, तर त्याचा चेहराच उतरला. पाच बोटं पसरून समोरच्याला तळवा दाखवणं म्हणजे तिथं तोंडाला काळं फासणं! आपल्याकडे आशीर्वाद असाच देतात हो.

लेड्रा स्ट्रीटवर पासपोर्ट दाखवून उत्तरेत गेलो. हा रस्ता 2008 मध्ये खुला झाला. पलीकडे युरोच्या जागी लिरा आले, गाळ मात्र कपात तोच. या वेळी नाव न घेता शेजारच्याच्या कपाकडे बोट केलं. एकाच बोटानं. पंजा खिशात.

सेलिमिये मशीद मूळची गॉथिक कॅथेड्रल. 1570 मध्ये ऑटोमन तुर्क आले आणि तिची मशीद झाली. इथं हिला डोकं झाकायचं, मला गुडघे; ओढणी मात्र एकच. ठरलं, आळीपाळीनं जायचं. ही आत गेली. मी चपला सांभाळत, गुडघे जवळ घेऊन भिंतीशी बसलो. अर्धा तास झाला. ही दारात आली आणि वरून अजान सुरू झाली. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

"गालिचे काय मऊ आहेत हो," ओढणी नीट करत ही म्हणाली, "पँट आणली असतीत तर..."

मी हनुवटी वर उडवली.