बॅटमॅन बघताना मला गॉर्डनच दिसतो

२०११ साली आलेला 'बॅटमॅन: इयर वन' हा ॲनिमेटेड सिनेमा माझ्या भाच्याने आत्ता बघितला आणि लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं की आपल्याकडे असाच एक माणूस पाहिजे, कोर्टाबिर्टाच्या भानगडीत न पडता रात्री निघून सगळं साफ करणारा. खाली अंगठ्यांची रांग लागली, कोणीतरी बदलापूरचा विषय काढला, आणि मामाला तिकडे शिकागोत बसून काय कळणार हेही आलंच. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण हा सिनेमा मला मनापासून आवडतो आणि त्यातून लोक नेमकी उलटी गोष्ट उचलतायत असं मला वाटतं.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. मूळ कॉमिक १९८७ चं, फ्रँक मिलरने लिहिलेलं, डेव्हिड मॅझुकेलीने काढलेलं, चार अंकांत आलं आणि मग ग्राफिक नॉव्हेल म्हणून एकत्र छापलं. सिनेमा जेमतेम ६४ मिनिटांचा आहे आणि कॉमिकला इतका धरून आहे की काही ठिकाणी चौकटीच हलतायत असं वाटतं. ॲनिमेशन आहे म्हणून लहान मुलांना दाखवायला जाऊ नका, त्यात वेश्यावस्ती आहे, लाचखोरी आहे, भरपूर रक्त आहे. ब्रूस वेनचा, म्हणजे बॅटमॅनचा, आवाज मला सपाट वाटतो आणि सेलिनाची, म्हणजे कॅटवुमनची, गोष्ट अर्धवटच राहते, पण जिम गॉर्डनला ब्रायन क्रॅन्स्टनचा आवाज आहे आणि तो सगळा सिनेमा पेलतो.

आणि हाच माझा मुद्दा आहे, ही गोष्ट बॅटमॅनपेक्षा गॉर्डनची जास्त आहे. बदली होऊन गॉथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या काल्पनिक शहरात, आलेला साधा पोलीस अधिकारी, बायको गरोदर, आणि पहिल्याच दिवशी त्याला कळतं की कमिशनरपासून खालपर्यंत सगळे हप्ते खातात. तो पैसे घेत नाही एवढाच त्याचा गुन्हा. त्याचेच सहकारी तोंडाला फडकी बांधून पार्किंगमध्ये त्याला बेसबॉलच्या बॅटींनी बडवतात. पुढे त्याचं एका सहकारी बाईशी प्रकरण होतं, दोघांचे फोटो दाखवून कमिशनर त्याला दाबायला बघतो, तर हा सरळ गाडीत बसल्या बसल्या बायकोला सगळं स्वतः सांगून टाकतो. तो प्रसंग नीट बघा, मारामारी नाही, काही नाही, पण ब्लॅकमेलची दोरी तिथेच तुटते. आणि ब्रूस वेन? तो पहिल्याच रात्री वस्तीत जाऊन भोसकला जातो, पोलिसांची गोळी खातो आणि कसाबसा घरी पोचतो. एकटा माणूस, कितीही तयार असला तरी शहर साफ करू शकत नाही, सिनेमा स्वतःच हे दाखवतो.

आता बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची बातमी वाचून मी इथे रात्रभर झोपलो नव्हतो, मलाही मुलगी आहे, त्यामुळे लोकांचा राग मला कळत नाही असं कोणी म्हणू नये. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला आणि मुंबईत 'बदला पुरा' असे बॅनर लागले. पण तक्रार नोंदवून घ्यायलाच पालकांना तासन् तास ताटकळत ठेवलं होतं हे आपण महिन्याभरात विसरलो? ज्या खात्यावर लोक रेल्वे अडवून संतापले होते तेच खातं एका गोळीत हिरो झालं, आणि कोणी कोणाला पाठीशी घातलं हे त्याच्या खटल्यात साक्षीदारांच्या उलटतपासणीत निघालं असतं, तर तो रस्ताच बंद झाला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांवरच ठपका ठेवला. त्याचे बॅनर मी कुठे बघितले नाहीत.

हैदराबादचंही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार-खुनाच्या चौघा आरोपींना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली, आणि न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांची हकीकत विश्वास ठेवण्यासारखी नाही आणि गोळ्या जीव घ्यायच्या हेतूनेच झाडल्या.

मग तिकडे अमेरिकेत सगळं छान आहे का, अजिबात नाही. मी राहतो ते शहर म्हणजे निम्मं गॉथमच, बॅटमॅनच्या काही सिनेमांचं शूटिंगही इथल्या रस्त्यांवर झालंय. इथे जॉन बर्ज नावाचा पोलीस कमांडर होता, १९७२ पासून १९९१ पर्यंत त्याने आणि त्याच्या माणसांनी शंभराहून जास्त लोकांचा, बहुतेक कृष्णवर्णीयांचा, छळ करून कबुलीजबाब काढले. तेव्हाही गुन्हेगारी कमी झाली पाहिजे म्हणणारे लोक गप्प बसले, आणि त्या खोट्या कबुल्यांवर निरपराध माणसं फाशीच्या कोठडीपर्यंत पोचली. छळाचा खटला चालवायची मुदतच उलटून गेली होती म्हणून बर्जला शेवटी २०१० मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी धरलं. २०१४ मध्ये लक्वान मॅकडॉनल्ड या १७ वर्षांच्या मुलाला पोलिसाने १६ गोळ्या घातल्या, कागदावर लिहिलं की तो चाकू घेऊन अंगावर आला, आणि गाडीतल्या कॅमेऱ्यात तो बाजूला चालत जाताना दिसतो. तो व्हिडिओ बाहेर यायला एक वर्षाच्या वर लागलं, तेही एक पत्रकार कोर्टात गेला म्हणून.

म्हणजे इथले पोलीस काही वेगळ्या मातीचे नाहीत. फरक मला दिसतो तो पुढे काय होतं त्यात. २०१५ मध्ये शहराने बर्जच्या बळींसाठी ५५ लाख डॉलर बाजूला काढले आणि हा इतिहास सरकारी शाळांत आठवी आणि दहावीत शिकवायचं ठरलं. माझी मुलगी आठवीत ते शिकली, वहीत तिने बर्जच्या पोलीस स्टेशनचा पत्ता लिहून ठेवला होता आणि मला विचारत होती की बाबा, बाकीच्या पोलिसांना माहीत होतं तर ते बोलले का नाहीत. मी तिला गॉर्डनचा तो पार्किंगचा प्रसंग दाखवला.

आपल्याकडे असं काही होतच नाही हेही खरं नाही. २००६ मध्ये लखनभैया या कथित गुंडाला पोलिसांनी मुंबईत वर्सोव्यात चकमक दाखवून मारलं, त्याचा भाऊ वकील, त्याने त्याच दिवशी वरिष्ठांना तारा पाठवून ठेवल्या होत्या की भावाला उचललंय, जिवाला धोका आहे. तो माणूस मागे हटला नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने चकमकींसाठी गाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांची निर्दोष सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप दिली, म्हणजे ज्यांच्या नावाने एकेकाळी टाळ्या पडायच्या तेच. लखनभैया संत नव्हता, पण प्रश्न तो नव्हताच. आणि हो, सतरा वर्षांच्या वर लागली, ग्रुपवरचा राग तिथूनच येतो हे मला मान्य आहे, कोर्ट वेळेवर निकाल देत नाही म्हणून लोकांना गोळी गोड लागते. पण त्यावरचा उपाय न्यायाधीश नेमणं, सरकारी वकील वाढवणं, तपास नीट करणं हा आहे, आणि तो मागायला कोणी मोर्चा काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

भाचा सध्या लॉ करतोय. त्याला मी सुप्रीम कोर्टाचा २००६ चा प्रकाश सिंह निकाल वाचायला सांगितलाय, ज्यात अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण, असे आदेश आहेत, कारण गॉर्डनसारखा माणूस टिकायचा तर त्याची बदली कमिशनरच्या लहरीवर असून चालत नाही. त्याने तो वाचावा, सिनेमा परत एकदा बघावा आणि मग माझ्याशी हवं तेवढं भांडावं, रविवारी मी फोन करणारच आहे.