नॅनोप्लँक्टन म्हणजे नॅनो टेक्नॉलॉजी नव्हे, खाडीची मासळी उगाच बंद करू नका

ऐरोली, कोपरखैरणे, वाशी सगळीकडच्या सोसायटी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की ठाणे खाडीत "नॅनोप्लँक्टन" नावाचा जंतू सापडलाय, तो नॅनो टेक्नॉलॉजीतून तयार झालाय, नॅनोमीटरएवढा असल्याने थेट रक्तात शिरतो, समुद्राचं पाणी रात्री निळं चमकतं तेही त्याच्यामुळेच, आणि शिजवूनही मरत नाही म्हणून खाडीची मासळी बंद करा. चांगली शिकलेली माणसं पुढे ढकलतायत, आणि फटका बसतो दिवाळे गावच्या नि वाशीगावच्या कोळणींच्या पाटीला, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे साइज. प्लँक्टन म्हणजे पाण्यात वाहत राहणारे जीव, त्यांचे आकारानुसार गट पाडलेत, त्यात 2 ते 20 मायक्रॉनचे ते नॅनोप्लँक्टन. 1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजेच 1000 नॅनोमीटर, म्हणजे यातला सगळ्यात बारीक जीवसुद्धा 2000 नॅनोमीटरचा झाला. आपल्या रक्तातली लाल पेशी साधारण 7-8 मायक्रॉनची असते, त्यामुळे यातले बरेचसे तिच्याएवढे किंवा तिच्याहून मोठे. याहून बारीक गटही आहेत, 0.2 ते 2 मायक्रॉनचं पिकोप्लँक्टन आणि त्याच्याही खाली फेम्टोप्लँक्टन. या नावांतलं नॅनो, पिको म्हणजे नॅनोमीटर, पिकोमीटर नव्हे, ते नुसते लहान-मोठे कप्पे आहेत.

आता "नॅनो टेक्नॉलॉजीतून तयार झालाय" हे. हान्स लोमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचा या जिवांवरचा लेख 1911 चा आहे आणि त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे, तेव्हा नॅन्नोप्लँक्टन असा दोन न घालून लिहायचे, ग्रीकमधला खुजा या अर्थाचा शब्द घेऊन. प्लँक्टनच्या बारीक जाळीतूनही हे जीव निसटायचे, म्हणून त्याने पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ते जिवंत मिळवले. नॅनो टेक्नॉलॉजी हा शब्द आला 1974 ला. आणि हे जीव तर माणसाच्याही कितीतरी आधीचे, इंग्लंडच्या डोव्हरचे पांढरे कडे ज्या खडूचे आहेत तो मुख्यतः यांच्यातल्याच एका गटाच्या चुन्याच्या कवचांचा बनलाय.

प्लँक्टन हा एक जंतूही नाही. स्वतःच्या जोरावर प्रवाहाविरुद्ध जाऊ शकत नाही, वाहत राहतो, तो प्लँक्टन, मराठीत प्लवक. त्यात शेवाळं आली, बॅक्टेरिया आले, हातभर जेलीफिशसुद्धा आला. तुम्ही आवडीने खाता ती कोळंबी आणि चिंबोरी लहानपणी प्लवकच असतात, अंड्यातून बाहेर आल्यावर सुरुवातीचे दिवस अशाच वाहत काढतात. यातले वनस्पतीप्लवक नसतील तर खाडीत खायला फारसं काही उरणार नाही, फ्लेमिंगोही येणार नाहीत कारण ते चिखलपाण्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात आणि त्यांचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो.

निळी चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्यूका नावाच्या प्लवकाची, आणि तो जवळजवळ अर्धा-एक मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्याला ठिपक्यासारखा दिसतो. नॅनो गटात बसतच नाही.

शिजवण्याच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते नीट सांगायला हवं. हे जीव साध्या पेशी आहेत, उकळीत मरतात. पण प्लवकांच्या काही मोजक्या जाती विष तयार करतात, त्या एकदम प्रचंड वाढल्या की कालवं, तिसऱ्या, शिंपल्या पाणी गाळून खाताना ते विष अंगात साठवतात, आणि त्यातली काही विषं शिजवून जात नाहीत. हे ठरतं जातीवर, आकारावर नाही. त्यामुळे पाण्याचा रंग अचानक लाल, तपकिरी किंवा गडद हिरवा झालेला असेल तेव्हा तिथली कालवं-शिंपल्या खाऊ नका, आणि कोळीवाड्यात विचारा, पाणी कधी बिघडलं ते त्यांना सगळ्यात आधी कळतं.