पॅनची झेरॉक्स मागितली की लगेच काढून देऊ नका

जिमला नाव घालायचंय, पॅन द्या. भाड्याने फ्लॅट बघायचाय, पॅन पाठवा. लॉजवर खोली हवीय, क्लासची फी हप्त्यांनी भरायचीय, सोसायटीच्या ऑफिसात भाडेकरू म्हणून नोंद करायचीय, सगळीकडे पॅन. आपणही मोबाइलमध्ये फोटो तयारच ठेवतो आणि समोरच्याने ‘पॅन’ म्हणायच्या आत पाठवून मोकळे होतो. मी गेली बरीच वर्षं पुण्यात लोकांची आयकर रिटर्नं भरून द्यायचं काम करते. ही सवय मोडायला हवी असं मला अगदी कळकळीने वाटतं. का, ते जरा सविस्तर लिहिते.

आधी कार्ड हातात घेऊन नीट बघा. वर दहा अक्षरी क्रमांक. त्यातलं चौथं अक्षर तुम्ही कोण ते सांगतं. व्यक्ती असेल तर ‘पी’, कंपनी असेल तर ‘सी’, हिंदू एकत्र कुटुंब असेल तर ‘एच’. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. त्याशिवाय तुमचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो आणि सही. आता एक गोष्ट सांगते, जी रिटर्न भरणाऱ्यांना माहीत असते पण तिचा अर्थ फारसा कोणी लक्षात घेत नाही. आयकराच्या पोर्टलवरून वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे ज्याला सगळे एआयएस म्हणतात, ते डाउनलोड केलं की त्याचा पासवर्ड असतो तुमचा पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. रिटर्नची पोचपावतीही तशीच उघडते. कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच कार्डावर छापलेली, आणि त्या कार्डाच्या झेरॉक्स आपण गावभर वाटलेल्या. फाईल आधी हाती लागावी लागते हे कबूल. पण कर्जासाठी, व्हिसासाठी, नव्या नोकरीसाठी आपण त्या फायली मेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाकोणाला पाठवतो ते आठवून बघा.

आता कर्वेनगरच्या एका बाईंचं सांगते. निवृत्त शिक्षिका. पेन्शन आणि एफडीचं व्याज, एवढंच उत्पन्न. त्यांचं रिटर्न भरायला एआयएस उघडलं तर भाड्याच्या उत्पन्नाखाली एक नोंद. देणारा म्हणून एका कंपनीचं नाव. बाईंनी त्या कंपनीचं नाव कधी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. म्हणाल्या, “अगं, माझा एकच फ्लॅट आहे आणि त्यात मीच राहते. मला कोण भाडं देणार?”

झालं होतं ते असं. जुन्या करप्रणालीत पगारदार माणसाला घरभाडं भत्त्यावर सूट मिळते. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. १ लाख म्हणजे महिन्याला साडेआठ हजारसुद्धा नाहीत. पुण्यात एवढ्यात वन रूम किचन मिळणंही कठीण, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भाडेकरूला हा पॅन लागतोच. काही लोक आई-वडिलांच्याच घरी राहतात, किंवा त्यांचा मालक पॅन द्यायला तयार नसतो. मग ते कुठूनतरी मिळवलेला भलत्याच माणसाचा पॅन मालक म्हणून लिहून देतात. कंपनी तो आकडा आयकर खात्याला कळवते आणि तो या बाईंसारख्यांच्या खाती उत्पन्न म्हणून येऊन बसतो.

बाईंचा पॅन कुठून गेला? त्यांनी आईच्या माघारी तिचा फ्लॅट काही काळ भाड्याने दिला होता, मग विकला. भाडेकराराच्या वेळी एजंटने पॅन, आधार, लाइट बिल सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलं होतं. तिथूनच गेलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एजंट, त्याच्याकडचा टायपिंगचा मुलगा, भाडेकरू, सोसायटीचा मॅनेजर, पुढे फ्लॅट विकताना आणखी चार माणसं. विक्रीच्या इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या व्यवहाराच्या उताऱ्यावर, तर पॅन छापूनच येतो, हे पाहिलेल्यांना माहीत आहे. इतक्या हातांतून गेलेला क्रमांक नेमका कुठे निसटला ते कोण सांगणार? बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी जुनी कागदपत्रं घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, “मला नोटीस येईल का गं?” आयुष्यभर एक रुपया लपवला नाही त्या बाईला हे विचारावं लागावं, याचा मला अजून राग येतो.

अशी नोंद दिसली तर घाबरून ते उत्पन्न दाखवून टाकू नका आणि दुर्लक्षही करू नका. एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीसमोर प्रतिसाद द्यायची सोय आहे. ही माहिती मला मान्य नाही, किंवा ती दुसऱ्या पॅनची आहे, असं तिथे नोंदवता येतं. ते नोंदवा, त्याची पावती जपून ठेवा, मगच रिटर्न भरा. रिटर्न भरायची वेळ नसली तरी वर्षातून दोनदा एआयएस उघडून बघा. बँकेचं व्याज, डिव्हिडंड, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री, घराचे व्यवहार, सगळं त्यात येतं. माझं उत्पन्न करपात्रच नाही, मग मी कशाला बघू, असं म्हणणाऱ्यांनी तर आवर्जून बघावं. अशा लोकांच्या पॅनचा गैरवापर झाला तर तो लक्षातच येत नाही, कारण तिकडे कोणी बघत नसतं.

झेरॉक्सच्या दुकानात काय चालतं तेही बघा. अप्पा बळवंत चौकात असो नाहीतर तुमच्या कोपऱ्यावर, आता पद्धत अशी की फाईल दुकानदाराच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करायची, तो कॉम्प्युटरवर उघडतो आणि प्रिंट देतो. एकदा मी उभी असताना त्याने डाउनलोडचं फोल्डर उघडलं. खाली खाली सरकवत गेला तर नुसती पॅन आणि आधारची रांग. कोणाचे चेहरे, कोणाच्या सह्या, मागच्या कित्येक महिन्यांच्या. दुकानदार भला माणूस होता. मी म्हटल्यावर त्याने माझी फाईल माझ्यासमोर पुसली. पण सांगितलं नसतं तर ती तिथेच राहिली असती. तेव्हा शक्यतो मूळ कार्ड नेऊन झेरॉक्स काढा. फाईल पाठवलीच तर समोर उभं राहून पुसायला लावा. त्यात संकोच कसला?

आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर कोरी देऊ नका. फोटोच्या जवळून तिरकी रेघ मारून त्यावर लिहा, ‘फक्त अमुक भाडेकरारासाठी’, तारीख घाला आणि सही करा. सही कागदाच्या कोऱ्या भागात संपू न देता कार्डाच्या छापलेल्या भागावर येऊ द्या. एवढ्याने चोर थांबेलच असं नाही, पण पुढे कुठे ती प्रत निघाली तर कोणाला आणि कशासाठी दिली होती ते कळतं. मुळात विचारा, कार्डाची प्रत हवी की नुसता क्रमांक? भाडेकरूला कंपनीच्या फॉर्मवर मालकाचं नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक लिहायचा असतो. जन्मतारीख आणि सहीशी त्याला काय करायचंय?

बँक, डीमॅट, म्युच्युअल फंड, नोकरी, कर्ज, जमीन-घराचा व्यवहार, आणि जिथे तुमच्या पैशातून टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापून घेतलेला कर, कापला जाणार ती प्रत्येक जागा, इथे पॅन द्यायलाच हवा. टीडीएस कापणाऱ्याला पॅन दिला नाही तर साधारण २० टक्क्यांनी कापतात, म्हणजे तोटा आपलाच. पण नुसती ओळख पटवायला ड्रायव्हिंग लायसन्स आहे, मतदार ओळखपत्र आहे, शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार आहे. पॅन तुमच्या पैशाच्या सगळ्या नोंदींचा धागा आहे. जिमला त्याची गरज नाही.

पॅन काढण्याबद्दलही थोडं. ज्यांनी कधीच पॅन काढला नाही, जे सज्ञान आहेत आणि ज्यांचं आधार मोबाइलला जोडलेलं आहे, त्यांना आयकराच्या पोर्टलवर ई-पॅन फुकट मिळतो, आणि तो छापील कार्डाइतकाच चालतो. त्यासाठी दुकानात तीनशे-चारशे रुपये मोजायचं काही कारण नाही. पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की बरेचदा दुकानदार अर्जात मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच घालतो. पुढचे ओटीपी आणि कळवणी त्याच्याकडे जातात. कॉलेजच्या मुलांनो, पहिली नोकरी लागायच्या आधी हे स्वतः बसून करा.

बायकांसाठी हा परिच्छेद वेगळा लिहिते, कारण दरवर्षी यात घोळ होतो. लग्नानंतर नाव बदललं म्हणून नवीन पॅन काढू नका. क्रमांक तोच राहतो, पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं असलं तरी काही बिघडत नाही. फक्त नाव दुरुस्तीचा अर्ज करायचा. दोन पॅन ठेवले तर १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. आणि नवऱ्याचं नाव वडिलांच्या रकान्यात लिहू नका. तिथे वडिलांचंच नाव लागतं, लग्न झालेलं असो वा नसो. २०१८ च्या शेवटापासून आई एकल पालक असेल तर फक्त आईचं नावही देता येतं. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, मधल्या नावाच्या जागी एकीकडे वडील आणि दुसरीकडे नवरा, अशा गमतीने आधार-पॅन जोडणी किती जणींची अडली ते मी बघितलं आहे. ३० जून २०२३ नंतर न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. आईचा, सासूबाईंचा पॅन चालू आहे ना, ते आजच पोर्टलवर तपासून बघा.

बरं, देशभरातल्या असंख्य पॅन कार्डांच्या मागच्या बाजूला पुण्याचा पत्ता छापलेला आहे, हे किती पुणेकरांच्या लक्षात आलंय? मॉडेल कॉलनी, दीप बंगला चौकाजवळ. पॅन सेवेचं युनिट तिथे होतं, आणि कार्ड कोणाला सापडलं तर त्या पत्त्यावर कळवा असं लिहिलेलं असे. कोहिमाच्या आणि कच्छच्या माणसाच्या पाकिटात आपला दीप बंगला चौक. निदान या गावाने तरी पॅन जपायला शिकावं.

कर्जाचा मुद्दा राहिला. तुमच्या पॅनवर कोणी छोटं ऑनलाइन कर्ज उचललं तर ते एआयएसमध्ये दिसत नाही, क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांच्या नोंदींच्या अहवालात, दिसतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला तर वर्षभर नजर राहते आणि पैसा लागत नाही. अनोळखी कर्ज दिसलं की रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे.

माझ्या व्यवसायातल्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. क्लायंटच्या पोर्टलवरच्या खात्यात आपल्या ऑफिसचा मोबाइल आणि ईमेल घालणं बंद करूया. ओटीपीसाठी फोन करावा लागतो, लोक उचलत नाहीत, ३१ जुलै जवळ आलेली असते, सगळं मला माहीत आहे. तरी खात्याची नोटीस आधी त्या माणसाला दिसायला हवी, आपल्याला नंतर. वाचणाऱ्यांनीही आज पोर्टलवर जाऊन प्रोफाइल उघडावं आणि तिथे कोणाचा नंबर आहे ते बघावं. आयकर खात्याने पॅन आणि जन्मतारखेचा पासवर्ड काढून टाकावा आणि ज्याचा त्याला ठरवू द्यावा, अशी माझी मागणी आहे. मी तसं पोर्टलवर सूचना म्हणून लिहिलंही आहे. तुम्हीही लिहा.