सोलापूरच्या उन्हाला ग्राहकाची चूक म्हणू नका

आज दुपारी आमच्या गल्लीतली पोर घरी आली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "अक्का, ग्राफिक्स कार्ड तापतं म्हणून तक्रार केली होती ना, त्या कंपनीचं उत्तर आलंय. वाचा की."

इंग्रजीत चार ओळी. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमधलं तापमान ठरलेल्या मर्यादेत आहे, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवणं हा अयोग्य वापर आहे, खोलीत हवा खेळती ठेवा, शक्यतो एसी असलेल्या जागेत वापरा, तक्रार बंद करत आहोत. खाली आभार मानलेत.

मी दोनदा वाचलं आणि डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर नाही. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या एका लग्नाची फिल्म द्यायची आहे, ती बाजूला ठेवून हे लिहायला बसलेय.

पोरीची आई विड्या वळते. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसते ती रात्री जेवणं झाल्यावर उठते. पोर थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकते आणि खरंच चांगलं शिकते, म्हणून त्या माउलीने बचत गटातून कर्ज काढून तिला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चित्रांचं सगळं काम करणारा भाग, घेऊन दिलं. दीड महिना झाला. रेंडर, म्हणजे केलेल्या कामाची शेवटची फिल्म तयार करायला लावली, की दहा मिनिटांत पंखे किंचाळायला लागतात, हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, १०८-१०९ अंशांवर जातो आणि स्क्रीन काळी पडते. नव्या कोऱ्या कार्डाची ही तऱ्हा. आणि उत्तर काय, तर मर्यादेत आहे.

कुणाची मर्यादा? परवा बाहेर ४३ होतं. पत्र्याच्या खोलीत किती असेल ते सोलापूरकराला सांगायला नको.

मला एवढा राग का आला, तर हे सगळं माझ्या अंगावरून गेलंय. दोन वर्षांपूर्वीचा मे. ऐन लग्नसराई, हातात सात लग्नांचं काम आणि माझं कार्ड असंच तापायला लागलं. मेमरीचं तापमान ११० ला जाऊन टेकायचं, की रेंडर गोगलगायीसारखा सरकायचा. कार्ड १४ महिन्यांचं, वॉरंटी तीन वर्षांची. दुकानदार म्हणाला, "ताई, आमचं काम विकायचं. वॉरंटीचं सगळं पुण्याला." गेले मग पुण्याला. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, कार्ड बबलरॅपमध्ये गुंडाळून लहान लेकरासारखं मांडीवर धरलं. कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही, विचारू नका.

काउंटरवर एक पोरगा होता, पंचविशीचा. त्याने टॉर्च मारला, भिंगातून बघितलं, मग चिमटा घेतला आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांमधून एक धागा ओढून काढला. पांढरा, बोटभर लांब.

"मॅडम, हे काय आहे?"

"सूत," मी म्हणाले.

"कसलं सूत?"

"चादरीचं. मी सोलापूरची आहे."

त्याने धाग्याचा फोटो काढला, काहीतरी टाइप केलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर तीन अक्षरं, सीआयडी. मी विचारलं, हे काय? तर कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज. म्हणजे नुकसान ग्राहकाने केलं. दुरुस्ती नाही, बदली नाही, कार्ड परत न्या.

तो धागा मी अजून विसरले नाही. माझ्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना आहे. आमच्याकडे सूत हवेत असतं, भाकरीच्या तव्यावर असतं, देव्हाऱ्यात असतं. याच सुताच्या चादरीला जीआय टॅग मिळाला, याच सुतावर हे अर्धं शहर जेवलं. आणि तिथे एसीत बसलेल्या कुणीतरी ठरवलं, की हे सूत म्हणजे माझा गुन्हा.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, की धूळ साचली तर कार्ड तापणारच. तापतं, मान्य. म्हणून तर मी दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारते. पण एका धाग्याने मेमरी ११० ला जात नाही.

हे मला नंतर नीट कळलं. परत आल्यावर मी ते कार्ड इथल्या आमच्या दुरुस्तीवाल्या पोराकडे दिलं. वॉरंटी तशीही मेलेलीच होती. त्याने स्क्रू काढले, हीटसिंक उचलला आणि मला हाक मारली. मेमरीच्या चिपवर थर्मल पॅड असतात, रबरासारखे मऊ. चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणं एवढंच त्यांचं काम. दोन चिपांवरचे पॅड सरकलेले होते. चिपचा ठसा पॅडच्या अर्ध्याच भागावर उमटला होता, म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवसापासून अर्धी चिप उघडीच. पोराने नवे पॅड लावले, नवी पेस्ट लावली, १४०० रुपये घेतले. तीच खोली, तोच मे महिना, भिंतीपलीकडे तेच माग, आणि मेमरी ९० वर आली. ते कार्ड आजही चालू आहे. ही पोस्ट त्याच मशीनवर टाइप करतेय.

मग पुण्यात तो चिमटा पॅडपर्यंत का नाही गेला? धाग्यापाशीच का थांबला?

"मर्यादेत आहे" हे उत्तर मला जसंच्या तसं पाठ आहे. कारण ते फक्त सोलापूरच्या बाईला मिळत नाही, सगळ्या जगाला मिळतं. डिसेंबर २०२२ मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं ७९०० एक्सटीएक्स कार्ड बाजारात आलं. खुद्द कंपनीच्या मूळ डिझाइनच्या कार्डांवर लोकांना हॉटस्पॉट ११० दिसायला लागला. तक्रार केली तर सुरुवातीला काहींना उत्तर काय मिळालं? हे तापमान ठीक आहे, बदलून मिळणार नाही. लोक गप्प बसले नाहीत. मोजमापं टाकली, कार्डं उघडून दाखवली. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं, की काही कार्डांच्या व्हेपर चेंबरमध्ये, म्हणजे चिपवरच्या बंद चपट्या डबीत, पाणीच कमी भरलं गेलं होतं. उष्णता वाहून न्यायला जे पाणी लागतं, तेच कमी! मग कार्डं बदलून दिली. म्हणजे ज्याला आधी मर्यादेत म्हणाले, तोच दोष निघाला. कबूल केलं हे चांगलं केलं, तेवढं श्रेय देते. पण आधी ज्यांना परत पाठवलं त्यांच्या मनस्तापाचं काय?

एनव्हिडिया या दुसऱ्या मोठ्या कंपनीचंही तेच. त्यांचं आरटीएक्स ४०९० कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि थोड्याच दिवसांत त्याला वीज देणारा प्लग वितळल्याचे फोटो यायला लागले. ४५० वॅटचं कार्ड, १२ व्होल्टवर. म्हणजे नखाएवढ्या पिनांमधून सगळी मिळून सदतीस अँपिअरच्या वर वीज. शेजारच्या कारखान्यातल्या वायरमनला मी हा आकडा सांगितला तर त्याने कपाळावर हात मारला. घरच्या इस्त्रीला चार-पाच अँपिअर लागतात हो! नोव्हेंबरमध्ये कंपनी म्हणाली, जगभरात सुमारे ५० तक्रारी आमच्यापर्यंत आल्यात आणि मुख्य कारण हे, की प्लग पूर्ण आत बसवलेला नव्हता. काहींनी नीट बसवला नसेलही, नाकारत नाही. पण पुढच्याच वर्षी त्या कनेक्टरच्या पिनांची लांबी बदलली गेली, प्लग अर्धवट बसला तर वीज मिळूच नये अशी. सगळी चूक बसवणाऱ्याची होती तर पिना कशाला बदलल्या?

आणि एसीत वापरा म्हणे. खोक्यावर लिहिलंय का एसी लागेल म्हणून? विकताना दुकानात कुणी विचारलं का, की बाई, घरी एसी आहे का? हिशेब साधा आहे. हीटसिंक आणि पंखे चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. हवा जेवढी गरम, तेवढं सगळं वर सरकतं. २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ८५ वर राहतं, ते आमच्या ४० अंशांच्या खोलीत १०० च्या घरात जाणार. हे शाळेतल्या पोराला कळतं, मग कार्ड बनवणाऱ्यांना कळत नाही? सोलापूर, नागपूर, जळगाव, अकोला इथे कार्ड विकताना पैसे पूर्ण घेतले ना? उन्हाची सूट दिली होती का?

हो, चिप लगेच जळत नाही, फार तापली की स्वतःच वेग कमी करते, हे मलाही माहीत आहे. पण मग मी ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग कुठे गेला?

थांबा. पाणी पिऊन आले.

त्या काउंटरवरच्या पोराचं राहिलं. दोन वर्षं मी त्याच्यावर राग काढतेय, पण खरं ते सांगते. मी कार्ड पिशवीत घालून निघाले, दारापर्यंत गेले, तर तो मागून आला. तोवर मॅडम-मॅडम करत होता. दाराबाहेर म्हणाला, "अक्का, मी अक्कलकोटचा. मला माहितेय ओ सूत काय असतं ते. पण उघडून बघायची परवानगी आम्हाला नाही. आम्ही फोटो टाकतो, निर्णय वरून येतो." मग हळूच म्हणाला, १९१५ ला फोन करा. तेव्हा मी इतकी चिडलेली होते, की त्याला धडपणे थँक्यूसुद्धा म्हणाले नाही. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत रडत आले. त्याचा पगार किती असेल, दिवसाला अशी किती तोंडं बघत असेल. त्याच्या समोर येणाऱ्यांत लबाडही असतात, बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या मायनिंगमध्ये वर्षभर पिळून काढलेलं कार्ड नवं म्हणून आणणारे. तेही खरं. पण लबाडाला पकडायचं म्हणून प्रत्येकाला लबाड धरायचं का?

१९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तेव्हा मी फोन केला नाही. मला वाटलं, आपण धंद्यासाठी कार्ड घेतलं, आपण कुठले ग्राहक. तो गैरसमज होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, की फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. आणि तक्रार करायला पुण्या-मुंबईला जायचीही गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं, वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फीसुद्धा नाही. हे मला उशिरा कळलं. त्या पोरीला उशिरा कळू द्यायचं नाही.

स्टिकरचंही सांगून टाकते. स्क्रूवर तो इवलासा स्टिकर असतो, फाटला की वॉरंटी गेली असं लिहिलेला. म्हणजे आत काय चुकलंय ते तुम्ही बघायचं नाही आणि ते पण बघणार नाहीत. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने असे स्टिकर लावल्याबद्दल ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रं पाठवून तंबी दिली. आपल्याकडे पोरं अजून त्या स्टिकरला हात लावायला घाबरतात.

संध्याकाळी मी पोरीच्या घरी जाऊन आले. एकच खोली. कोपऱ्यात कॅबिनेट, त्याची एक बाजू उघडी. कंपनीने या उघड्या बाजूवरसुद्धा बोट ठेवलंय, अयोग्य वापर म्हणे. मी विचारलं, उघडी का ठेवलीस? म्हणाली, "फॅनचं वारं थेट कार्डावर जावं म्हणून, अक्का." घरात टेबल फॅन एकच. तो आईकडे लावता येत नाही, वाऱ्याने सुपातली तंबाखू उडते. म्हणून तो कार्डाकडे वळवलेला. ४३ अंशांत ती बाई बिनवाऱ्याची बसून विड्या वळते आणि घरातलं सगळं वारं त्या कार्डाला देते. आणि उत्तर येतं, हवा खेळती ठेवा.

मी काही बोलू शकले नाही. आई तेवढी म्हणाली, "ताई, आमचं काही चुकलं का वापरताना?"

नाही हो बाई. तुमचं काही चुकलं नाही.

उद्या दहाला आम्ही दोघी १९१५ ला फोन लावणार आहोत. बिल, खोक्यावरचा सिरीयल नंबर, आलेली मेल, सगळं एका फाइलमध्ये लावलंय. मी माझ्याकडचा थर्मामीटर तिच्या कॅबिनेटशेजारी टांगून आलेय, दर तासाला त्याचा आणि स्क्रीनवरच्या आकड्यांचा एकत्र फोटो काढायला सांगितलंय. रात्री नऊ वाजता खोलीत ३८ होतं. रेंडर लावल्यावर आठव्या मिनिटाला हॉटस्पॉट १०९. पहिला फोटो तोच आहे.

कुणी जिल्हा आयोगात अशी तक्रार आधी केली असेल तर मला मेसेज करा. अर्ज मराठीतूनच लिहायचा आहे, पोरीची आई वाचू शकेल असा.