गोलपोस्टचं विसर्जन आणि बेचाळीस मिनिटं

काल दसरा होता आणि काल संध्याकाळी आमच्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने खरंखुरं सीमोल्लंघन केलं. टेनेसीची हद्द ओलांडून लेक्सिंग्टनला गेले आणि केंटकीला त्यांच्याच घरात २०-१३ असं हरवून आले. त्यामुळे आठ दिवस मनात घोळत असलेली, गेल्या शनिवारी त्यांनी बलाढ्य अलाबामाला हरवलं त्यावरची ही पोस्ट आज लिहून टाकतो. थांबलो होतो ते मुद्दामच. म्हटलं, केंटकीत आपटले असते तर माझं सगळं तत्त्वज्ञान माझ्याच अंगावर आलं असतं.

भारतातल्या मित्रांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो. आणि अमेरिकेच्या या दक्षिण भागात व्यावसायिक संघांपेक्षा कॉलेजच्या संघांवर लोकांचा जीव जास्त. शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉलचा वार, त्या दिवशी लग्न ठेवलं तर पाहुणे मनातल्या मनात शिव्या देतात. या भागातल्या विद्यापीठांची साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही सगळ्यात तगडी स्पर्धा, आणि तिच्यातला सगळ्यात मोठा पैलवान म्हणजे अलाबामा. निक सेबन या प्रशिक्षकाच्या काळात २००९ ते २०२० मध्ये सहा राष्ट्रीय विजेतेपदं. सेबन २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झाले, पण संघाचा दरारा तसाच.

आणि आमच्या नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट? अभ्यासू पोरांचं खासगी विद्यापीठ. मेडिकल कॉलेज नावाजलेलं. फुटबॉलमध्ये मात्र या कॉन्फरन्सच्या स्थापनेपासून, म्हणजे १९३२ पासून, आत असूनही तिचं विजेतेपद एकदाही नाही. गेल्या वर्षी बारा सामन्यांत दोन विजय, दहा पराभव. कॉन्फरन्समधले आठच्या आठ हरले. सेबन स्वतः टीव्हीवर म्हणाले होते की या कॉन्फरन्समध्ये पाहुण्या संघाला जड न जाणारी जागा एकच, व्हँडरबिल्ट, कारण तिथे पाहुण्यांचेच प्रेक्षक जास्त असतात. आम्हाला राग यायला हवा होता, पण आम्ही माना डोलावल्या. मी स्वतः त्या स्टेडियममध्ये आमच्या काळ्या-सोनेरी टोप्या शोधत बसलेलो आहे.

तर ५ ऑक्टोबर २०२४ला, गेल्या शनिवारी, या संघाने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ४०-३५ हरवलं. १९८४ नंतर पहिल्यांदा. मधले सलग तेवीस सामने अलाबामाने जिंकलेले. पहिल्या पाचातल्या संघांशी व्हँडरबिल्ट आजवर साठ वेळा खेळलं होतं आणि साठही वेळा हरलं होतं.

मी त्या वेळी कुठे होतो? भोंडल्याला. हसू नका. नवरात्राचा तिसरा दिवस, एका मैत्रिणीच्या परसात बायकांनी पाटावर रांगोळीचा हत्ती काढलेला, आणि आम्ही नवरे मंडळी गॅरेजमध्ये एका जुन्या टीव्हीसमोर घडीच्या खुर्च्यांवर. बाहेर फेर चालू, आत हाणामारी चालू. मध्यंतराला २३-१४ असे आपण पुढे होतो तेव्हा मी घरी जायची तयारी केली होती, कारण व्हँडरबिल्टचा अनुभवी चाहता पुढे असताना उठतो. तेवढीच आठवण गोड राहते. बायकोने सांगितलं, खिरापत ओळखल्याशिवाय कुणी हलायचं नाही. तिचे उपकार.

आता मुद्द्यावर येतो. गेले आठ दिवस ऑफिसात, दुकानात, न्हाव्याकडे, आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जो तो या विजयाचा अर्थ सांगतोय. बहुतेकांचा आवडता शब्द 'चमत्कार'. दुसरा गट म्हणतो, अलाबामा गाफील होती, आदल्याच शनिवारी जॉर्जियाला ४१-३४ असं हरवून हवेत होती. तिसरा गट, यात सगळे दुःखी अलाबामावाले, म्हणतो की सेबन असते तर हे झालंच नसतं. चौथा गट सगळ्यात चिडका: हल्ली पोरं पैशासाठी या कॉलेजातून त्या कॉलेजात उड्या मारतात, हा विजय विकत घेतलेला आहे.

माझं म्हणणं असं की यातलं काहीही बोलण्याआधी एक आकडा बघा. साठ मिनिटांच्या सामन्यात बेचाळीस मिनिटं चेंडू व्हँडरबिल्टकडे होता. अलाबामाच्या वाट्याला अठराही पुरती आली नाहीत.

मी सांगलीचा, कबड्डी खेळत वाढलेला, म्हणून मला हा सामना लगेच कळला. तुमच्यासमोर तुमच्यापेक्षा दीडपट ताकदीचा संघ आहे, त्यांच्याकडे असा चढाईपटू आहे जो एका चढाईत तीन गडी मारून जातो. मग तुम्ही काय करता? त्याच्या चढाया कमी करता. आपल्या चढाईचे तीसच्या तीस सेकंद वापरता. निदानरेषा ओलांडायची, एखादा बोनस मिळाला तर घ्यायचा, नाही तर दम घेऊन परत. बघणाऱ्याला कंटाळा येतो, शिट्ट्या वाजतात, 'खेळ की रे' असं ओरडतात. वाजू देत. घड्याळ पळतंय ना, बास.

शनिवारी नेमकं हेच झालं. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तिसऱ्या संधीपर्यंत दहा यार्ड झाले नाहीत तर सहसा चौथीवर चेंडू लाथेने लांब मारून समोरच्याला देऊन टाकतात. म्हणजे तिसरी संधी ही प्रत्येक वेळी 'करा किंवा मरा' चढाई. व्हँडरबिल्टवर अशी वेळ अठरा वेळा आली, त्यातल्या बारा वेळा त्यांनी ती पार केली. बारा वेळा अलाबामाचा बचाव घाम पुसत बाहेर जायला निघाला आणि बारा वेळा त्याला परत उभं राहावं लागलं. अलाबामाची आक्रमक फळी बाजूला बसून पाणी पीत होती. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा गडी, जेलेन मिल्रो आणि त्याची फेक झेलणारं सतरा वर्षांचं पोरगं रायन विल्यम्स काय चीज आहेत हे त्यांना मिळालेल्या थोड्या वेळातही दिसलं. एकाच फेकीत ५८ यार्ड आणि टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार. गॅरेजमध्ये सन्नाटा. पण मग पुन्हा आमची चार यार्ड, तीन यार्ड, पाच यार्ड अशी चटणी-भाकरी सुरू.

एकदाच आमच्या पोरांनी पंचपक्वान्न मागवलं. तिसऱ्या सत्रात चौथी संधी, फक्त एक यार्ड हवा. सगळी दुनिया धरून चालली की आमचा क्वार्टरबॅक पोरगा चेंडू पोटाशी धरून घुसणार. त्याने मागे पाऊल टाकून चेंडू फेकला, ३६ यार्ड, थेट टचडाउन. मी खुर्चीतून उठलो तेव्हा ती घडीची खुर्ची माझ्यामागे मिटली. परत बसायला गेलो आणि जमिनीवर. त्यावर कुणी हसलंही नाही, सगळे टीव्हीकडे बघत होते.

तो पोरगा म्हणजे डिएगो पाविया. न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्कीचा. उंची बेताची, शाळा संपल्यावर मोठ्या कॉलेजांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात खेळला, मग न्यू मेक्सिको स्टेटमध्ये, आणि या वर्षी इथे. गेल्या नोव्हेंबरात याच पावियाने न्यू मेक्सिको स्टेटकडून खेळताना ऑबर्नला त्यांच्या मैदानावर ३१-१० असं लोळवलं होतं. ऑबर्न कुठे आहे? अलाबामा राज्यात. म्हणजे एका वर्षाच्या आत या गड्याने त्या राज्यातली दोन्ही मोठी घराणी पाडली. सामना संपल्यावर टीव्हीवर थेट प्रक्षेपणात आनंदाच्या भरात त्याने एक शिवीही हासडली. आमच्याकडे भारतातून आलेल्या एका मावशींना शब्द कळला नाही, भाव कळला. 'चांगलं बोलला ना रे तो?' हो मावशी, खूप चांगलं बोलला.

आता त्या चौथ्या गटाला उत्तर. पैसा आहे, पोरं फिरतात, सगळं खरं. पण पैशाच्याच शर्यतीत अलाबामा आमच्या मागे आहे काय? व्हँडरबिल्टने जे केलं ते वेगळं होतं. त्यांनी नुसता एक पैलवान आणला नाही, त्याची अख्खी तालीम उचलून आणली, वस्तादासकट. न्यू मेक्सिको स्टेटचे प्रशिक्षक जेरी किल सल्लागार म्हणून आले, आक्रमण आखणारे टिम बेक आले, पाविया आला, आणि ईलाय स्टोअर्सही आला, ज्याने शनिवारी सहा झेल घेऊन ११३ यार्ड मिळवले. एकमेकांचे डोळे वाचणारी माणसं. तिसऱ्या संधीला, तीस हजारांच्या आरडाओरड्यात, डोळे वाचता येणं काय कामाचं असतं हे ज्याने जोडीने पकड केलीय त्याला विचारा.

आणि मुख्य प्रशिक्षक क्लार्क ली. याच गावचा, याच कॉलेजकडून खेळलेला. चार्ज घेतल्यापासून तीन मोसमांत विजय-पराभव असे: २-१०, ५-७, २-१०. मध्ये एकदा म्हणाला होता की एक दिवस आपण देशातला सर्वोत्तम संघ होऊ. तेव्हा लोक इतके हसले की बिचाऱ्याची मला दया आली. हसणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करून टाकतो. गेल्या मोसमानंतर त्याला काढा म्हणणाऱ्यांतही होतो.

म्हणून मला 'चमत्कार' शब्दाचा राग आहे. चमत्कार म्हटलं की कुणाला काही करावं लागत नाही. करणाऱ्यालाही श्रेय नाही आणि हरणाऱ्यालाही दोष नाही. गाफीलपणाचंही तेच. गाफील संघ एकदा फसतो, दोनदा फसतो. बारा वेळा नाही. ही आखणी होती, आणि कंटाळवाणी आखणी होती, म्हणूनच ती कुणाला सांगावीशी वाटत नाही. अर्थात इतकं शहाणपण पाजळताना हेही सांगायला हवं की हाच संघ सप्टेंबरात जॉर्जिया स्टेटकडून (वरच्या जॉर्जियाहून वेगळा, बराच दुबळा संघ) ३६-३२ हरला होता. तेव्हा आखणी कुठे गेली होती हे मला विचारू नका.

शेवटची तीन मिनिटं सांगतो, कारण ती मला विसरता येत नाहीत. आपण ४०-२८ पुढे. अलाबामाने पुन्हा टचडाउन केलं, ४०-३५, आणि घड्याळात २ मिनिटं ४६ सेकंद. व्हँडरबिल्टचा चाहता असाल तर तुम्हाला पुढचं माहीत असतं. चेंडू परत द्यायचा, मिल्रो एक लांब फेक टाकणार, आणि आपण 'चांगली लढत दिली' म्हणत घरी जाणार. गॅरेजमध्ये एकाने चक्क पाठ फिरवली होती. आणि मग पोरांनी चेंडू परत दिलाच नाही. पळाले, पडले, उठले, घड्याळ चालू ठेवलं. बाहेर फेर थांबलेला, 'तिखट की गोड?' असं चाललेलं. इकडे शेवटची करा किंवा मरा चढाई पार झाली आणि आम्ही असे काही ओरडलो की यजमानीणबाई डबा हातात घेऊनच धावत आल्या, कुणाला काही झालं की काय. डब्यात वाटली डाळ होती. या वर्षीची, नव्हे, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वाटली डाळ मी उभ्याने, बोटांनी खाल्ली.

तेवढ्यात आमच्या ओळखीतल्या, व्हँडरबिल्टला पीएचडी करणाऱ्या एका मुलाचा व्हिडिओ कॉल आला. 'काका, बघा बघा!' मैदानात पोरंच पोरं. गोलपोस्ट उपटला होता. तो पिवळा अजस्र सांगाडा खांद्यावर घेऊन ती वरात स्टेडियमच्या बाहेर पडली आणि नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंना ते निऑनचे दिवे, बारमधून गाणी, वाटेत भेटेल तो खांदा देतोय. जवळपास तीन मैल चालत नदीपर्यंत. आणि मग कंबरलंड नदीत ढकलून दिला. गॅरेजमधल्या एका सात वर्षांच्या कार्ट्याने, जो अमेरिकेतच जन्मलाय आणि ज्याने पुण्याची मिरवणूक फक्त फोनवर पाहिलीय, मोठ्याने आरोळी ठोकली: 'पुढच्या वर्षी लवकर या!'

मूर्ती, म्हणजे गोलपोस्ट, नंतर अग्निशमन दलाने पाण्यातून बाहेर काढली. प्रेक्षक मैदानात घुसले म्हणून विद्यापीठाला कॉन्फरन्सने एक लाख डॉलर दंड केला. मंडळाचा खजिनदार म्हणून काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाचा असा आकडा ऐकून जीव जायला हवा. गेला नाही.

आता एवढंच सांगायचं राहिलं. आमचा शेजारी मूळचा अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, तीन पिढ्या अलाबामाचे भक्त. गेला आठवडाभर त्याने गाडी थेट गॅरेजमध्ये घालून दार बंद केलं, नेहमीसारखं अंगणात थांबून बोलणं नाही. काल दसरा म्हणून आमची धाकटी सोनेरी कागदाची आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरत होती, तशी त्याच्याही दारात गेली. मी मागे उभा. तिने पान पुढे केलं आणि शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत सांगितलं की हे सोनं आहे, तुमच्यासाठी. त्याने पानाकडे पाहिलं. सोनेरी. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर काळी-सोनेरी टोपी. मी घाईघाईने रघुराजा, कुबेर, आपट्याचं झाड सगळं समजावून सांगायला लागलो, आणि जितकं सांगत गेलो तितकं ते जास्त खोटं वाटायला लागलं.

शेवटी त्याने पान खिशात टाकलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, 'पुढच्या वर्षी सामना टस्कलूसाला आहे. आमच्याकडे.'

मी म्हटलं, येतो की.