स्ट्रॅडिव्हारीचं ‘गुपित’ आणि त्यामागे झाकली गेलेली माणसं

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. इटलीतल्या क्रेमोना शहरातल्या अंतोनिओ स्ट्रॅडिव्हारी या व्हायोलिन बनवणाऱ्या कारागिराने वार्निशचं गुपित पोटच्या मुलांनाही सांगितलं नाही, १७३७ साली ते त्याच्याबरोबरच गेलं, इटलीतली व्हायोलिनची कला तिथेच संपली आणि आजवर तसं वाद्य कोणालाही जमलेलं नाही. हे वाचून लोक हळहळतात आणि पुढे पाठवतात. या गोष्टीपायी एका अख्ख्या शतकातले कारागीर पुसले जातात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी मुलांचं. फ्रान्चेस्को आणि ओमोबोनो हे दोघे मुलगे जवळजवळ जन्मभर बापाच्याच हाताखाली राबले. १७२९च्या मृत्युपत्रात स्ट्रॅडिव्हारीने कामाची हत्यारं फ्रान्चेस्कोला दिली. बाप नव्वदी ओलांडून गेला तेव्हा हे दोघेही म्हातारपणाकडे झुकलेले होते. ओमोबोनो १७४२ साली वारला, फ्रान्चेस्को १७४३ साली. धाकटा भाऊ पाओलो कापडाचा व्यापारी. घरात हे काम पुढे चालवणारं कोणी उरलं नाही, एवढंच घडलं.

दडवून ठेवलं म्हणावं, तर साचे आजही समोर आहेत. १७७५-७६च्या सुमारास पाओलोच्या घराण्याने हत्यारं, लाकडी साचे आणि कागदी नमुने काउंट कोझिओ या विशीतल्या संग्राहकाला विकले. त्यातला बराच ठेवा आज क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात आहे. साच्यांवर ‘पीजी’, ‘जी’ अशी अक्षरं आहेत, कडेला खाचा आहेत. त्या खाचांत ठोकळे बसवायचे आणि गरम करून वाकवलेल्या, व्हायोलिनच्या बाजूच्या लाकडी पट्ट्या त्या ठोकळ्यांना चिकटवायच्या. काम कसं चालायचं ते साचा पाहूनच कळतं.

वार्निशबद्दल थोडक्यात: २००९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी पाच स्ट्रॅडिव्हारी वाद्यं तपासली. सुकणारं तेल, चिडाच्या जातीच्या झाडाची राळ आणि त्या काळच्या चित्रकारांकडे असायचे तसे रंग, एवढंच सापडलं.

‘कला संपली’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. क्रेमोना ओसरली हे खरं. तिथल्या कारागिरांपैकी ज्युसेप्पे ग्वार्नेरी १७४४ साली गेला, कार्लो बेर्गोंझी १७४७ साली. पण व्हायोलिनची गरज दरबारांना आणि ऑपेरागृहांना होती आणि कारागीर गिऱ्हाईक असेल तिथे गेले. व्हेनिसला मोंतान्याना होता, शिवाय ग्वार्नेरी घराण्यातलाच एक पिएत्रो होता. नेपल्सचं सान कार्लो ऑपेरागृह तर स्ट्रॅडिव्हारीच्या मृत्यूच्या सुमारे दीड महिना आधी उघडलं आणि त्या शहरात गाल्यानो घराण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

जोव्हान्नी बात्तिस्ता ग्वादान्यिनी या कारागिराचा प्रवास पाहा. पियाचेन्झा, मिलान, थोडा काळ क्रेमोना, मग १७५९ साली पार्मा. तिथे बूर्बों राजघराण्याचा दरबार होता आणि मंत्री द्यु तियो कलावंतांचा पाठीराखा होता. १७७१ साली तो मंत्री पायउतार झाला, आश्रय आटला आणि साठीला आलेला ग्वादान्यिनी बिऱ्हाड उचलून तुरिनला गेला. तिथे त्याला कोझिओ भेटला. त्याने काही वर्षं लाकूड पुरवलं, वाद्यं विकत घेतली आणि स्ट्रॅडिव्हारीच्या नमुन्यावर काम करून मागितलं. म्हाताऱ्याने ते केलं. त्याची तुरिनची वाद्यं आजही मोठे वादक मैफलीत वाजवतात. १७३७ नंतर सगळं संपलं म्हणणाऱ्यांनी त्यातलं एक तरी ऐकावं.

आता ‘आजवर जमलं नाही’. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांना, दिसणार नाही अशा बेताने, तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हारी, एक ग्वार्नेरी. बहुतेकांना जुनं-नवं ओळखता आलं नाही आणि सगळ्यात कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हारीला मिळाली. पुढे पॅरिसला दहा नामवंत एकलवादकांवर असाच प्रयोग झाला, तिथेही सहा जणांनी नवं वाद्य निवडलं. याने स्ट्रॅडिव्हारी लहान होत नाही, पण ‘कोणालाच जमत नाही’ हे टिकत नाही.

अठराव्या शतकातल्या बऱ्याच वादकांना तर ऑस्ट्रियातल्या टायरॉलच्या श्टाइनर या कारागिराची, पुढची-मागची फळी उंच फुगवलेली वाद्यं जास्त आवडायची. इटालियन व्हायोलिनवादक व्हियोत्ती १७८२ साली पॅरिसला वाजवायला आला, त्यानंतर स्ट्रॅडिव्हारीचा भाव चढत गेला. मोठ्या सभागृहांसाठी त्या व्हायोलिनांच्या माना बदलून लांब केल्या गेल्या, पोटातली आधाराची लाकडी पट्टी जाड बसवली, पुढे आतड्याच्या तारांच्या जागी धातूच्या तारा आल्या. आज रेकॉर्डवर जो नाद आपण ऐकतो, तो असा घडला आहे, आणि तसा तो खुद्द स्ट्रॅडिव्हारीनेही कधी ऐकला नव्हता.